आयरीनने चालतं केलेलं पिस्तूल

माझं काम काय होतं ते सांगितलं की माणसं हातातला चहाचा कप खाली ठेवतात. कॅनडातल्या रेजिना शहरात, आमच्या मंडळाच्या कार्यक्रमांत हे इतक्यांदा पाहिलंय, की आता मी समोरच्याला आधी चहा संपवू देते आणि मग सांगते. आमच्या ओळखीतल्या बाकीच्या बायका शाळेत, बँकेत, प्रांताच्या सरकारी ऑफिसात नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये. मी मात्र एका लिलावघरात बंदुका तपासायचे. बंदूक कुठली, कुणाची बनावट, नळी किती लांब, आतले भाग मूळचे की मागाहून कुणी बदललेले, हे पाहून खात्रीने लिहून द्यायचं. त्याची परीक्षा असते, लायसन्स असतं. मिळालं तेव्हा मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, घरी पेढे केले होते. मिल्क पावडरचे.

नागपूरला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, मग मिलिंदच्या नोकरीमागे इकडे आले. पहिल्या विंटरला ड्राइव्हवे शोव्हल करणे, म्हणजे दारातलं बर्फ उपसणे, एवढाच माझा उद्योग होता. घरात बसून वेड लागायची पाळी आली, तेव्हा या लिलावघरात अप्लाय केलं. इथे शेतकरी थकला, शेती सोडून शहरात आला, की त्याच्या अंगणातच लिलाव होतो. ट्रॅक्टर, धान्याची यंत्रं, गोधड्या, लोणच्याच्या बरण्या आणि बंदुका, सगळं एका दिवसात निघतं. बंदुका बघणारे जुने गृहस्थ थकले होते. त्यांना हाती मायक्रोमीटर धरता येणारं कुणीतरी हवं होतं, आणि मला तो धरता येत होता. एवढंच. बंदुकीचं प्रेम वगैरे काही नव्हतं.

पुढे ते वेड थोडं लागलं, हे कबूल करते. त्यातही एका जातीच्या पिस्तुलांचं: ताकदवान, स्वतःच पुढची गोळी भरून घेणारी मॅग्नम पिस्तुलं.

मॅग्नम हा शब्द मूळचा दारूच्या बाटलीचा. नेहमीपेक्षा मोठी बाटली ती मॅग्नम. बंदूकवाल्यांनी तो उचलला, नेहमीपेक्षा जास्त दारू भरलेल्या काडतुसासाठी. दारू हा शब्द आपल्याकडे दोन्हीला चालतो, इंग्रजांना ती सोय नाही. अशी जोरकस काडतुसं रिव्हॉल्व्हरमध्ये फार आधीपासून चालत होती, कारण रिव्हॉल्व्हर साधा असतो. चक्र फिरतं, घोडा पडतो, बार उडतो. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाचं तसं नाही. गोळी सुटली, की त्याच धक्क्याच्या जोरावर त्याने रिकामी पुंगळी बाहेर फेकायची, नवं काडतूस उचलायचं, नळीत सरकवायचं आणि दार बंद करून तयार राहायचं. डोळ्याची पापणी लवायच्या आत. धक्का जितका मोठा, तितकी ही कसरत अवघड. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात काही मंडळींनी हे जमवलं. अख्खं पिस्तूल स्टेनलेस स्टीलचं, आत रायफलसारखा फिरून कुलूप लावणारा बोल्ट. दिसायला इतकं देखणं, की सिनेमावाल्यांनी लगेच उचललं. फक्त ते नीट चालत नव्हतं. त्याची काडतुसं दुकानात मिळत नव्हती, रायफलच्या पुंगळ्या कापून घरी करावी लागत. कंपनी बुडाली, दुसऱ्याने घेतली, तीही बुडाली. पुढे कनेटिकटमध्ये एकाने गोळीच्या वायूवर चालणारं पिस्तूल केलं. मग मिनेसोटात कल्पना आणि इस्राएलमध्ये कारखाना असं एक विटेएवढं धूड आलं, आणि आज पोरं व्हिडिओ गेममध्ये ओळखतात ते हेच. पण जुन्या शौकिनांचा जीव त्या पहिल्या, बुडालेल्या पिस्तुलावर. थोडीच बनली, नखरेल होती आणि मागे कंपनी उरली नाही. संग्राहकाला आणखी काय लागतं? वर मूळ खोका असावा, माहितीपुस्तक असावं, सगळ्या भागांचे नंबर जुळावेत आणि मुख्य म्हणजे कुणी त्याला हात लावलेला नसावा. पॉलिशसुद्धा करू नये. हौसेने चकचकीत करून आणलेली पिस्तुलं पाहून मी कितीदा कपाळाला हात लावलाय.

मग इथल्या सरकारने पिस्तुलांची खरेदी-विक्री गोठवली. ज्याच्याकडे आहे त्याने ठेवावं, पण माणसामाणसांत विकणं नाही, देणं नाही, पोटच्या मुलालाही नाही. आमच्या लिलावातून पिस्तुलं गेली आणि माझं काम पालटलं. आता फोन यायचे ते मालक गेल्यावर किंवा जायच्या बेतात असताना. कुटुंबापुढे चार वाटा. पोलिसांना देऊन नष्ट करणं, नळी बुजवून-वेल्ड करून कायमचं निकामी करणं, एखाद्या म्युझियमने घेतलं तर देणं, नाहीतर परवानाधारकामार्फत सीमेपलीकडे अमेरिकेत विकणं. मी या चार वाटा समजावून सांगायची बाई झाले.

त्या काळात टोरोंटोच्या स्कारबरोहून एका मुलाचा फोन आला. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. कुणीतरी माझा नंबर दिला होता.

"काकू, ते मूव्हीतलं मोठं पिस्तूल आहे ना, ते डिअ‍ॅक्टिव्हेट करून कॉन्डोच्या लिव्हिंग रूममध्ये फ्रेम करता येईल का? लायसन्स वगैरे लागणार नाही ना?"

"रीतसर निकामी केलेलं असेल तर नाही लागणार. पण बाळा, बायकोला विचारलंस का?"

पलीकडून हळूच, "काकू, तिला सरप्राइज द्यायचंय. अ‍ॅनिव्हर्सरी आहे."

मी त्याला अर्धा तास समजावलं. शेवटी त्याने कानातले घेतले असं कळलं. त्या महिन्यातलं माझं सगळ्यात चांगलं काम तेच असावं.

आणि बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात आमच्यातलेच एक ज्येष्ठ, मी ज्यांना भाऊ म्हणते, ते सगळ्यांसमोर म्हणाले, "वंदनाताई, सकाळी पंचशील म्हणायचं आणि सोमवारी पिस्तूल पुसायचं, हे कसं जमतं तुम्हाला?" माणूस चांगला, खोचक नव्हता. ‘मी कुणाला मारत नाही, मी मोजते’ असं काहीतरी मी म्हणाले. ते मलाच पोकळ वाटलं. तो प्रश्न मी घरी घेऊन आले, आणि पुढे कॅरलचा फोन आला तेव्हाही तो डोक्यात होताच.

कॅरल आमच्याच प्रांतातल्या सॅस्काटूनच्या एका इस्पितळात इमर्जन्सी विभागात नर्स. तिचे वडील वॉल्टर, वय ऐंशीच्या पुढे, रेजिनाच्या दक्षिणेला गव्हाची शेती. आई आयरीन आदल्या वर्षी गेलेली. शेती भाड्याने दिली होती आणि वॉल्टर शहरात, म्हाताऱ्यांसाठी असतात त्या अपार्टमेंटमध्ये राहायला येणार होते. तिथे बंदुका चालत नाहीत. रायफली लायसन्सवाल्या शेजाऱ्याने घेतल्या. उरलं एक पिस्तूल.

"मला त्याची किंमत नकोय," कॅरल फोनवर म्हणाली. "मला फक्त ते घरातून जायला हवंय. क्रश करा. पण डॅड म्हणतात, आधी कळणाऱ्या माणसाला दाखवू."

मी गेले तेव्हा शेतं कापून झाली होती. वॉल्टर दारातच उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. हात थरथरत होते, पण पिस्तूल टेबलावर ठेवताना त्यांनी मॅगझिन काढून, बोल्ट मागे ओढून, रिकामी जागा मला दाखवली. न सांगता. मला तिथेच त्यांच्याविषयी आदर वाटला.

पिस्तूल तेच होतं, कॅलिफोर्नियाचं, पहिल्या काळातलं. मूळ खोका, पुस्तक, सगळं. नंबर जुळत होते. इतकं नीट ठेवलेलं मी आधी एकदाच पाहिलं होतं. मग मी टॉर्च लावून आत बघितलं. मॅगझिनमधून काडतूस नळीत चढतं तो छोटा उतार कुणीतरी घासला होता. फार नाजूक हाताने, बारीक दगडाने, पण घासला होता.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"आयरीनने," वॉल्टर म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगितलं. कॅरल सिंकपाशी पाठ करून कप धूत होती, ऐकत नसल्यासारखी. तरुणपणी एका चांगल्या पिकाच्या वर्षी वॉल्टरनी ते पिस्तूल घेतलं. आयरीनला घरात नवं वॉशिंग मशीन हवं होतं. ती आठवडाभर बोलली नाही. त्यात ते पिस्तूल चालेना. एक गोळी सुटायची, दुसरी अडकायची. काडतुसं मिळेनात. वॉल्टर कंटाळले आणि त्यांनी ते कपाटात टाकलं. हिवाळ्यात बाहेर बर्फ, काम नाही. एक दिवस आयरीन म्हणाली, "एवढं माझं मशीन घालवून आणलंयस, आता ते चालायलाच हवं. आण इकडे."

"ती शिवणकाम करायची," वॉल्टर म्हणाले. "गावातल्या सगळ्या नवरीमुलींचे झगे तिने शिवले." ते खुशीत सांगत होते. "तिला एक धागा इकडचा तिकडे झालेला कळायचा. ती म्हणाली, तुझ्या गोळ्या एका मापाच्या नाहीत. एक लांब, एक आखूड. मग ते बिचारं अडकणार नाही तर काय?"

तो सगळा हिवाळा आयरीनने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुंगळ्या कापल्या, कडा घासल्या, मापल्या. वॉल्टर दारू तोलून द्यायचे, ती गोळी बसवायची. मग तिने तो उतार घासला, थोडा, पुन्हा थोडा. उन्हाळ्यात क्लबच्या रेंजवर नेलं, तर पिस्तूल शिवणयंत्रासारखं चाललं. त्यानंतर कित्येक वर्षं, रविवारी ती दोघं रेंजवर जात.

"आणि मला आन्ट स्टेलाकडे सोडून," सिंकपाशी उभी कॅरल म्हणाली. ती वळली नव्हती. "प्रत्येक रविवारी. मी खिडकीत बसून गाडी जाताना बघायचे."

वॉल्टर तिच्याकडे बघत राहिले. "तुला स्टेलाकडे आवडायचं."

"मला कुणी विचारलं होतं, डॅड?"

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण काम अर्धं होतं. म्हणून मी माझ्या कोरड्या आवाजात पुढचं सांगितलं. पिस्तूल दुर्मीळ आहे, सीमेपलीकडचे संग्राहक घ्यायला तयार होतील. मात्र तो उतार घासलाय हे मला लिहावं लागेल. मूळ स्थितीत नाही म्हटल्यावर किंमत बरीच कमी होईल, काही जण तर बघणारही नाहीत.

कॅरल आता वळली. हातात ओला कप.

"म्हणजे? ते चालत नव्हतं. आईने चालतं केलं. आणि म्हणून ते कमी किमतीचं?"

"संग्राहकांच्या हिशेबाने, हो. त्यांना कारखान्यातून आलं तसंच हवं असतं."

"बिघडलेलं?"

"बिघडलेलंच, पण मूळचं."

"धिस इज रिडिक्युलस," ती म्हणाली. ज्या वस्तूचा चुरा करायला मला बोलावलं होतं, तिची बाजू घेऊन ती माझ्याशी भांडत होती. वॉल्टर खाली मान घालून हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. हसण्याचं की कशाचं, मी विचारलं नाही.

आयरीनने शेवटी केलेल्या काडतुसांची एक अर्धी डबी उरली होती. वॉल्टर मला म्हणाले, "माझ्या हातांनी आता ते धरवत नाही. पण क्लबचं सभासदत्व अजून आहे. कॅरल, एकदा येशील?"

मला वाटलं ती नाही म्हणेल. तिने इमर्जन्सीत काय काय पाहिलं असेल, त्याची मला कल्पना होती. तिने तो कप पुसून जागेवर ठेवला. मग म्हणाली, "व्हेन?"

काडतुसं जुनी होती म्हणून मी आधी क्लबच्या जाणत्या माणसाकडून ती तपासून घेतली. एकेक बघून तो म्हणाला, इतकं नीटस काम मी करू शकलो असतो तर आनंद झाला असता. पुढच्याच शनिवारी आम्ही रेंजवर होतो. वारा थंड होता, पण बर्फ अजून पडलं नव्हतं. कॅरलने कानांवर संरक्षण चढवलं, चष्मा लावला. वॉल्टर तिच्या खांद्यामागे उभे राहिले. इथल्या नियमाप्रमाणे लायसन्सवाला जवळ हवाच, पण ते नियमासाठी उभे आहेत असं वाटत नव्हतं. "मूठ घट्ट. कोपरं ताठ नको. धक्का येऊ दे, त्याच्याशी भांडू नको," ते तिच्या कानाशी ओरडून सांगत होते.

पहिला बार उडाला आणि कॅरलचे हात कपाळापर्यंत गेले. मॅग्नमचा आवाज छातीत लागतो. गोळी निशाणाला कुठेच लागली नाही. पण पुंगळी उडून बाजूला पडली, नवं काडतूस आत गेलं, पिस्तूल तयार. दुसरा बार. तिसरा. मॅगझिन रिकामं झालं तरी एकदाही अडकलं नाही. कॅरलने पिस्तूल खाली ठेवलं, रिकामं असल्याचं दाखवलं, आणि तिथेच, कानांवरचं न काढता, मोठ्याने विचारलं, "आई कुठे उभी राहायची?"

"तू उभी आहेस तिथेच," वॉल्टर म्हणाले. "आणि दर वेळी नेम चुकला की मला शिव्या द्यायची."

उरलेली काडतुसं तिने संपवली. मग ती दोघं बाकावर बसली आणि वॉल्टर बोलत राहिले: आयरीन घरून अंड्याचे सँडविच आणायची, तिला जोरात हसायला यायचं, घरी मात्र ती कशी गप्प असायची. कॅरल मध्येमध्ये विचारत होती. आई हसायची? इथे? मी गाडीत जाऊन बसले. त्यांचं ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं.

परत निघताना कॅरल माझ्या गाडीच्या काचेशी आली. "क्रश नको. निकामी करून मला ठेवता येईल ना? तुम्ही म्हणाला होतात."

मी हो म्हटलं. पण वॉल्टर मागून आले आणि प्रथमच ठामपणे बोलले. "नको. त्यात नळी बुजवतात. तिने ते चालावं म्हणून अख्खा हिवाळा घालवला. बंद करून भिंतीला लावायचं असेल, तर माझंच मूळचं, न चालणारं पिस्तूल काय वाईट होतं?"

शेवटी सीमेपलीकडे विकायचं ठरलं. मी वर्णन लिहिलं. आजवर लिहिलेल्या वर्णनांत एका ओळीसाठी इतका वेळ कधी लागला नव्हता. ‘मूळ भागात बदल’ असं आमच्याकडे लिहितात. मी लिहिलं, ‘काडतूस चढण्याचा उतार मालकाच्या पत्नीने हाताने घासून दुरुस्त केला आहे, पिस्तूल न अडकता चालते, प्रत्यक्ष पाहिले आहे.’ माझ्या साहेबांनी भुवया उंचावल्या, पण खोडलं नाही.

अपेक्षेप्रमाणे मोठ्या संग्राहकांनी नकार दिला. एकाने तर फोनवर मला सुनावलं की, कुणा शेतकऱ्याच्या बायकोने इतिहासाचं नुकसान केलंय. मी फोन ठेवला आणि बराच वेळ मला राग आवरेना. मग अमेरिकेतल्या माँटानातून एका बाईंचा फोन आला. निवृत्त शाळाशिक्षिका, नाव रूथ, त्यांचीही गव्हाची शेती. त्यांच्या वडिलांचं असलंच पिस्तूल त्यांच्याकडे होतं, आणि ते जन्मात धड चाललं नव्हतं.

"मला खोक्यात ठेवायला नकोय," त्या म्हणाल्या. "मला चालणारं हवंय. ती घासणारी बाई हयात आहे का?"

परवाने, पॅकिंग, परवानाधारकामार्फत पाठवणं, हे सगळं व्हायला हिवाळा गेला. ते माझ्या नोकरीतलं जवळजवळ शेवटचं काम. पिस्तूल नेलं त्या दिवशी वॉल्टर आले नाहीत, कॅरल आली. आयरीनची काडतुसं करायची हत्यारं तिने स्वतः गुंडाळून त्याच पार्सलमध्ये दिली. "ही तिकडेच उपयोगी पडतील," म्हणाली.

नंतर मंडळात भाऊ भेटले तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, आणि मी तसं म्हटलंही. मोठी पिस्तुलं मोठी जखम करतात, कॅरलला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. भाऊ ऐकत राहिले, मग म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला एकदा जेवायला बोलवा." मी बोलावलं. त्यांना वरणभात फार आवडला, तिखट अजिबात झेपलं नाही.

यंदा उन्हाळ्यात एका दुपारी मी वॉल्टरच्या अपार्टमेंटमध्ये गेले होते. कॅरलही होती. ती आता सुट्टी मिळाली की रेजिनाला येते. तेवढ्यात माँटानाहून रूथबाईंचा फोन आला. त्या त्यांच्या गावच्या रेंजवर होत्या. "ऐकवू का?" त्यांनी विचारलं. कॅरलने फोन वॉल्टरच्या बऱ्या कानाशी धरला. मलाही ऐकू येत होतं, कारण तो आवाज फोनमध्ये मावत नाही. एक, मग लागोपाठ दुसरा, तिसरा, आणि मग तिकडून रूथबाईंचं जोरात हसणं.

वॉल्टरनी फोन स्वतःच्या हातात घेतला आणि विचारलं, "यंदा तुमच्याकडे गहू कसा आहे?"

रूथबाई सांगू लागल्या. पाऊस उशिरा आला, गारपिटीने एक पट्टा गेला, बाकी बरा आहे. वॉल्टर मान हलवत, मध्येच आपल्या शेताचं सांगत राहिले. कॅरलने माझ्याकडे बघून खांदे उडवले आणि चहाचं पाणी ठेवायला उठली. चहा झाला, आमचा पिऊनही झाला, तरी ती दोघं बोलतच होती.